दारावर बाईचं नाव, आत किती बायका?

(भूम येथे महिला गट, अंगणवाडी सेविका, शिक्षिका आणि कार्यकर्त्या यांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ कायम ठेवून थोडे संपादन केले आहे.)

शिबिराच्या पत्रकावर माझ्या नावापुढे 'विद्यापीठाची अधिसभा आणि आपण' असा विषय छापला आहे. सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला गाठून विचारलं, "ताई, हा विषय कशाला घेतला? रेशन हाय, दारू हाय, पोटगी हाय, उसाची उचल हाय. विद्यापीठाचं आपल्याला काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्यातच माझा सगळा वेळ जाणार आहे.

आधी जरा हात वर करा. ग्रामपंचायतीत सदस्य, उपसरपंच, सरपंच आहेत किंवा होत्या, अशा किती जणी? (पंधरा-सोळा हात वर झाले.) छान. आता ज्यांनी पदवी घेतली आहे, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., काहीही, अशा किती? (त्याहून जास्त हात वर झाले.) आणि या पदवीधरांपैकी ज्यांचं नाव विद्यापीठाच्या नोंदणीकृत पदवीधरांच्या यादीत आहे, अशा किती? (दोन हात वर झाले. त्यातल्या एकीने, "फॉर्म भरल्यासारखं आठवतंय," असे सांगितले.)

बघा, पंचायतीत आपण पोचलो, पदवीपर्यंतही पोचलो. पण जिथून ती पदवी मिळाली, तिथल्या कारभारात आपण नाही. कारभार आहे आणि त्यात आपलं मत लागतं, हेही आपल्याला कोणी सांगितलेलं नाही.

तिथं कोण बसतं?

आपलं विद्यापीठ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ वेगळं निघालं. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे आपल्या विद्यापीठाकडे आहेत. भूमहून तिथं जायचं म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटर. धाराशिवला उपपरिसर आहे, तो जवळ पडतो. पण निर्णय होतात ते तिकडेच.

ते निर्णय कुलगुरू एकटे घेत नाहीत. महाराष्ट्रात २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे, १ मार्च २०१७ पासून तो लागू झाला. त्यात विद्यापीठाची प्राधिकरणं सांगितली आहेत. त्यातली मोठी सभा म्हणजे अधिसभा. आपल्याकडे सगळे तिला सिनेटच म्हणतात. राज्यपाल हे कुलपती म्हणून तिचे अध्यक्ष. वर्षातून किमान दोनदा ती भरते. विद्यापीठाचा अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो. वार्षिक अहवाल आणि हिशेब तपासणीचा अहवाल येतो. कुठल्या भागात नवी महाविद्यालयं, नवे अभ्यासक्रम हवेत, हे ठरवणारा बृहत आराखडाही येतो. सदस्य प्रश्न विचारू शकतात, ठराव मांडू शकतात. दुसरी म्हणजे व्यवस्थापन परिषद. ती लहान असते, पण रोजचा कारभार तिच्या हातात असतो. तिच्यातले काही जण अधिसभेतूनच निवडून जातात. ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांच्यातला फरक तुम्हाला ठाऊक आहे. अगदी तसंच नाही, पण समजायला तेवढं पुरे.

अधिसभेत काही माणसं पदामुळे बसतात, कुलगुरू, अधिष्ठाता वगैरे. काही नेमली जातात. आणि काही निवडून येतात. निवडून येणाऱ्यांचे पाच गट असे: प्राचार्यांचे १०, महाविद्यालयीन अध्यापकांचे १०, विद्यापीठातल्या अध्यापकांचे ३, संस्थाचालकांचे ६ आणि नोंदणीकृत पदवीधरांचे १०. बेरीज ३९.

आता यात बाईसाठी राखीव जागा किती? प्रत्येक गटात एक. म्हणजे ३९ मध्ये ५.

हा कायदा कधीचा, तेही लक्षात घ्या. महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ३० टक्के जागा दिल्या त्या १९९० साली. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने त्या एक तृतीयांश झाल्या. २०११ पासून निम्म्या झाल्या. आणि त्यानंतर पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, हेच विधिमंडळ विद्यापीठाचा कायदा करतं आणि दहात एक जागा देतं. म्हणजे निरक्षर बाई गावचा कारभार करू शकते हे सरकारला पटलेलं होतं, पण शिकलेल्या बाया विद्यापीठाचा निम्मा कारभार करू शकतील हे पटलं नव्हतं. कुणी म्हणेल, राखीव जागा कमीत कमी असतात, खुल्या जागेवर बायकांना कोणी अडवलंय? पंचायतीतही कोणी अडवलं नव्हतं. १९९० च्या आधी तिथं बाया किती होत्या, ते आपल्या सासवांना विचारा.

भूमला त्याचं काय?

आता सकाळच्या प्रश्नाकडे येते.

वाड्यावस्त्यांवरची मुलगी भूमच्या कॉलेजात येते ती एस.टी.ने. परीक्षेचं वेळापत्रक विद्यापीठ काढतं. परीक्षा केंद्र कुठं द्यायचं तेही विद्यापीठ ठरवतं. पेपर संध्याकाळी सुटला आणि शेवटची गाडी गेलेली असली, तर मुलगा कुणाच्या तरी गाडीवर बसून घरी जातो. मुलीचा बाप पुढच्या वर्षी तिला घरी बसवतो. आपण म्हणतो बापाने शिक्षण बंद केलं. ते खरंच आहे. पण बापाच्या हाती निमित्त दिलं ते एका वेळापत्रकाने. ते करताना त्या खोलीत एस.टी.ने कॉलेज केलेली एक बाई असती, तर तिने एवढंच विचारलं असतं, की मुली घरी कशा जाणार?

दुसरं. नव्या महाविद्यालयाला किंवा अभ्यासक्रमाला मान्यता देण्याआधी विद्यापीठाची समिती पाहणी करून जाते. तिला स्थानिक चौकशी समिती म्हणतात. ग्रंथालय पाहतात, प्रयोगशाळा पाहतात, जागेचे कागद पाहतात. मुलींची स्वच्छतागृहं पाहणीच्या कागदावर असतातच. पण तिथं पाणी येतं का, आतून कडी लागते का, पाळीच्या वेळी कापड किंवा पॅड टाकायला डबा आहे का, हे दार उघडून पाहावं लागतं. मी ज्या मुलींशी बोलते त्यातल्या कितीतरी जणी सकाळपासून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. का, ते तुम्हाला सांगायला नको.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्याच्या मागे १९९७ चा विशाखा निकाल आहे आणि त्याच्याही मागे राजस्थानातल्या भंवरीदेवींची लढाई आहे. या कायद्याप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बाया आणि बाहेरची एक सदस्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये त्यासाठी वेगळे विनियम केले आणि त्यात विद्यार्थिनींनाही घेतलं. अशा एका समितीवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसले आहे. ते महाविद्यालय कुठलं, हे सांगायचं कारण नाही. बोलायचं आहे ते तिथल्या रचनेबद्दल.

तिथल्या एका शिक्षिकेची तक्रार आली. ती तासिका तत्त्वावर होती, म्हणजे जितके तास घेतले तितक्याचे पैसे, आणि नेमणूक एका वर्षापुरती. तक्रार एका वरिष्ठाविरुद्ध होती. समितीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, कागद केले, अहवाल दिला. शिफारशी तिच्या बाजूने होत्या. पुढे काय झालं? शिक्षा नाही, बदली नाही. जूनमध्ये तिची नेमणूकच पुन्हा झाली नाही. तिला कोणी काढलं नाही, नुसतं पुन्हा घेतलं नाही. ती माझ्याकडे आली. रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "ताई, विद्यापीठात माझ्या वतीनं बोलणारं कोण आहे?"

मी कायद्याचं पुस्तक काढून तिच्यासमोर बसले. उत्तर असं निघालं, की अध्यापकांचे दहा प्रतिनिधी आहेत, पण ते तिचे प्रतिनिधी नाहीत. कायद्यात अध्यापक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त अध्यापक. तासिकेवरची बाई वर्गात 'मॅडम' असते, मतदार यादीत कुणीच नसते. संस्थाचालकांचे सहा प्रतिनिधी आहेत, ते तिच्या मालकांचे. प्राचार्यांचे दहा आहेत, ते तिच्या साहेबांचे. विद्यार्थी ती नाही. उरला पदवीधरांचा गट. तिथं ती मतदार होऊ शकत होती, उमेदवारही होऊ शकत होती. पण तिने नोंदणी केली नव्हती, कारण ती करायची असते हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आपल्या भागात तासिकेवर राबणाऱ्या मुली किती आहेत ते तुम्ही पाहता. घरचे म्हणतात, पगार कमी असला तरी बाईला ठीक आहे, जवळ आहे. म्हणजे जिथं बाया जास्त, तिथंच मत नाही. हा योगायोग नाही. उसाच्या टोळीत कोयता दोघांचा असतो आणि उचल नवऱ्याच्या नावावर असते. इथंही काम तिचं आणि खातं दुसऱ्याचं. म्हणून मी सकाळी म्हणाले, की हा विषय उसाच्या उचलीपासून लांबचा नाही.

एका जागेचं काय होतं?

एक तर एक, ती जागा तरी आपली असते का? निवडणुका पॅनेलवर होतात. पॅनेल करतात ती ज्यांच्या हातात संस्था आहेत ती माणसं. कारण नोंदणीचे फॉर्म गठ्ठ्याने भरायला कार्यालय लागतं, कारकून लागतात, गाड्या लागतात. महिलांच्या जागेसाठी नाव शेवटी ठरतं. आधी सगळी जातीपातीची, तालुक्यांची, गटातटाची गणितं मांडून होतात. मग उरलेल्या तालुक्यात बाई शोधतात.

संस्थाचालकांच्या गटात तर आणखी सोपं असतं. संस्थेच्या कागदावर सौभाग्यवती, सूनबाई, वहिनी असतातच. मी त्यांना नावं ठेवत नाही. सरपंचपतीचे दिवस आपण पाहिले आहेत. नवऱ्याने खुर्चीवर बसवलेल्या कितीतरी बाया पुढे स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, हेही याच तालुक्यात पाहिलं आहे. पण ते आपोआप झालं नाही. गावात तिच्या मागे गट उभा राहिला, ग्रामसभेत बाया जाऊन बसल्या, तेव्हा झालं. अधिसभेतल्या बाईच्या मागे कोण उभं आहे? ती कोण, हेच आपल्याला ठाऊक नाही.

दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त आणि इतर मागास समाजांसाठी पदवीधरांच्या गटात एकेक जागा आहे, आणि बाईसाठी एक. आता सांगा, दलित बाईने कुठल्या जागेवर उभं राहायचं? कागदावर तिला दोन दारं उघडी आहेत. जातीच्या जागेवर समाजाचा पुरुष उभा असतो. बाईच्या जागेवर बहुधा वरच्या जातीतली, मोठ्या घरची बाई असते. दोन्ही दारांत कुणीतरी उभं आहे आणि ती अंगणात. याबद्दल आपल्या चळवळीनेही स्वतःला विचारावं. "महिला उमेदवार द्या" असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कोण असतं?

नामांतराचा धडा

या विद्यापीठाने आपल्याला एक धडा दिलेला आहे, तो विसरता येणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. घरं गेली, माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. त्यातल्या कितीतरी घरांत कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. ज्यांनी विद्यापीठ पाहिलं नव्हतं, त्यांनी विद्यापीठाच्या नावाची किंमत दिली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं लागली.

त्या लढ्यात प्रश्न पाटीचा नव्हता. हे विद्यापीठ कुणाचं, हा होता. तोच प्रश्न आपल्याला बायकांच्या बाजूने पुढे न्यायचा आहे.

पाट्यांबाबत सरकार आता उदार झालं आहे. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव दिलं. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं, २०१९ मध्ये सोलापूरला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं. मुंबईचं एस.एन.डी.टी. तर जुनंच, कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं, त्यातलं नाव नाथीबाईंचं. आनंद आहे. बहिणाबाईंना लिहायला-वाचायला येत नव्हतं, आणि त्यांच्या नावाने पदव्या निघतात, याहून मोठा मान तो कोणता? पण त्याच विद्यापीठांना कायदा हाच लागू आहे. दारावर बाईचं नाव आणि आत दहात एक बाई. नाव दिलं, म्हणजे जागा दिली असं होत नाही. सावित्रीबाई भिंतीवर हार घालून घ्यायला गेल्या नव्हत्या, शाळा चालवायला गेल्या होत्या.

जुना अनुभव, लांबचा अनुभव

विद्यापीठांच्या सभांत बायका बसणं ही काही आजची मागणी नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. स्त्रियांना पदवी देण्याची दारं त्याने उघडली ती १८८३ मध्ये. त्याच साली एडिथ पीची नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला कामा हॉस्पिटलचं काम पाहायला आली. पुढे ती मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर बसली. ही तीच बाई, जी रखमाबाईंच्या पाठीशी उभी राहिली. बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं रखमाबाईंनी कोर्टात सांगितलं, तेव्हा सगळा समाज त्यांच्यावर तुटून पडला होता. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. म्हणजे सभेत बसणारी बाई आणि बाहेर लढणारी बाई यांचा धागा जोडलेला होता. तोच तर आज तुटलेला आहे. आणि त्याच मुंबई विद्यापीठाला पहिली स्त्री कुलगुरू मिळाली ती १९८६ मध्ये, डॉ. मेहरू बेंगाली. मध्ये १२९ वर्षं गेली.

आता एक लांबचं उदाहरण देते. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा प्रांत आहे. लोकवस्ती सुमारे ३१ लाख, म्हणजे आपल्या बीड-धाराशिव मिळून जेवढी, त्याहूनही कमी. डोंगराळ भाग, कोळशाच्या आणि पाटीच्या दगडाच्या खाणी, स्वतःची वेगळी भाषा आणि शेजारी मोठा, तालेवार इंग्लंड. आपल्याला ओळखीचं वाटावं असं चित्र आहे. तिथल्या खाणमजुरांनी आपल्या मजुरीतून पैसे काढून कॉलेजांना मदत केली. १८९३ मध्ये वेल्स विद्यापीठाला सनद मिळाली. त्या सनदेतच लिहिलं होतं, की पदवी पुरुषांप्रमाणेच स्त्रियांना मिळेल, आणि विद्यापीठातलं प्रत्येक पद, प्रत्येक सभेचं सदस्यत्व स्त्रियांना पुरुषांइतकंच खुलं राहील. साल पुन्हा ऐका, १८९३. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या दिल्या १९२० मध्ये, केंब्रिजने तर १९४८ मध्ये.

सनदेत लिहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी खुर्च्या भरल्या असं नाही. कार्डिफला मिलिसेंट मॅकेन्झी पूर्ण प्राध्यापक झाल्या त्या १९१० मध्ये. पण पहिल्याच कागदावर हक्क लिहिलेला असला, की भांडायला जागा राहते. 'आम्हाला घ्या' असं म्हणावं लागत नाही, 'लिहिलंय ते करा' असं म्हणता येतं.

आणखी एक गोष्ट तिथून घेण्यासारखी. तिथल्या विद्यापीठांच्या कारभारी मंडळात विद्यापीठाबाहेरची माणसं मोठ्या संख्येने असतात. वकील, हिशेब तपासणारे, दवाखान्यात काम केलेले, समाजकार्य केलेले. अशा जागांसाठी अनेकदा जाहिरात निघते, कुणीही अर्ज करावा. आणि कोण कोण सदस्य आहे, ती व्यक्ती काय काम करते, हे सगळ्यांना वाचता येईल असं मांडलेलं असतं. तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. निवडणुकीपेक्षा जाहिरात चांगली, असंही म्हणत नाही. आपल्याकडे मत आहे, ते मोठं हत्यार आहे. पण आपल्या वतीने कोण बसलंय हे ठाऊक असणं, ही लोकशाहीची पहिली पायरी आहे. आपल्या जिल्ह्यातून अधिसभेवर कोण आहे, हे या सभागृहातल्या किती जणी सांगू शकतील?

यादीतून बाई कशी गळते?

पदवीधरांचा गट हा आपल्यासाठी सगळ्यात उघडा दरवाजा आहे. तिथं नोकरी लागत नाही, संस्था लागत नाही. लागते ती पदवी. मग बाया का नाहीत? नोंदणीचं काम करताना जे दिसलं ते सांगते.

पदवीच्या कागदावर माहेरचं नाव असतं, आधार कार्डावर सासरचं. दोन्ही जुळवायला राजपत्र किंवा लग्नाचा दाखला लागतो. तो काढलेला नसतो. फॉर्म परत येतो.

पदवीचं प्रमाणपत्र माहेरी असतं, पेटीत किंवा भावाकडे. "तिला आता काय करायचंय," म्हणून ते कुणी पाठवत नाही.

बार्शीची मुलगी भूमला येते, भूमची बार्शीला जाते. अंतर तीस-पस्तीस किलोमीटर, सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची. पण बार्शी सोलापूर विद्यापीठात. तिकडची पदवी असलेली सून आमच्या विद्यापीठाची पदवीधर ठरत नाही, आणि तिकडे ती आता राहत नाही. पुरुष जिथं शिकतो तिथंच बहुधा राहतो. बाईला लग्न एका यादीतून काढतं आणि दुसरीत घालत नाही. कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या डोक्यात पदवीधर म्हणजे पुरुषच होता, इतकंच.

आणि मोबाईल. नोंदणीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, त्यावर नंबर नवऱ्याचा असतो. निरोप त्याला येतो. मतदानाच्या दिवशी तिला कळतच नाही.

यातली एकही अडचण डोंगराएवढी नाही. सगळ्या कागदाच्या आहेत. आणि कागदाची लढाई आपण रेशन कार्डापासून सातबाऱ्यापर्यंत लढत आलो आहोत.

दोन आक्षेप

दोन गोष्टी तुम्हाला हमखास ऐकवतील. पहिली, "लायक बाई मिळत नाही." हे पंचायतीच्या वेळीही म्हणत होते. ज्या बाईने गावाच्या पाणी योजनेचा हिशेब वाचला, बँकेत गटाचं कर्ज फेडलं, पोलीस ठाण्यात उभं राहून गुन्हा नोंदवून घेतला, तिला अर्थसंकल्प वाचता येणार नाही? पाथरूड, वालवडपासून ईटपर्यंत खव्याच्या भट्टीवर पहाटेपासून उभी राहणारी बाई किती दुधात किती खवा पडतो हे न मोजता सांगते. तिच्या लेकीने पदवी घेतली आहे. ती लेक अडाणी नाही.

दुसरी, "एकटी बाई जाऊन काय करणार?" हा आक्षेप खरा आहे. एकटी गेली तर फार काही करू शकणार नाही, चहा-बिस्किटं आणि फोटो. म्हणून तिला एकटी पाठवायचं नाही. प्रश्न आपण लिहून द्यायचे. उत्तर काय मिळालं ते तिने इथं येऊन सांगायचं. ग्रामसभेआधी आपण महिला सभा घेतो, तसं.

आता काय करायचं?

मोठे ठराव करून घरी जाऊ नका. पाच कामं सांगते.

एक. प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या पदवीधर बायकांची वही करायची. नाव माहेरचं, नाव सासरचं, कुठल्या विद्यापीठाची पदवी, कुठलं वर्ष, प्रमाणपत्र कुठं आहे.

दोन. ज्यांची पदवी आपल्या विद्यापीठाची, त्यांची नोंदणी करून घ्यायची. फॉर्मवर नंबर तिचा स्वतःचा. ज्यांना नावाचा दाखला लागतो, त्यांचं काम आधी. अधिसभेच्या मागच्या निवडणुका २०२२ मध्ये झाल्या. मुदत पाच वर्षांची, म्हणजे पुढची फेरी २०२७ ची. नोंदणीची मुदत त्याच्या बरीच आधी संपते. निवडणूक जाहीर झाल्यावर जाग आली, तर उशीर झालेला असतो.

तीन. जिल्ह्यातल्या अधिसभा सदस्यांची नावं काढायची आणि त्यांना भूमला बोलवायचं. पुरुष सदस्यांनाही. मुलींच्या वसतिगृहासाठी किती तरतूद झाली, किती खर्च झाली. किती महाविद्यालयांत अंतर्गत समिती खरोखर बसते. परीक्षा केंद्रं ठरवताना एस.टी.चं वेळापत्रक पाहतात का, एवढे तीन प्रश्न विचारायचे. आले नाहीत तर पत्र पाठवायचं. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

चार. तासिकेवरच्या शिक्षिकांना आपल्या बैठकांना बोलवायचं. त्यांची संघटना करणं त्यांना एकट्याने जड जातं, कारण जून दरवर्षी येतो. आपल्यावर कुणाची नेमणूक नाही. आपण बोलू शकतो. त्यांना मताचा हक्क मिळावा, ही मागणी आपली आहे असं जाहीर करायचं.

पाच. कायदा बदलायची मागणी. प्रत्येक गटात निम्म्या जागा स्त्रियांच्या, आणि जातीच्या राखीव जागांतही निम्म्या त्या समाजातल्या स्त्रियांच्या. लोकसभा-विधानसभेसाठी एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये मंजूर झाली. विद्यापीठांचा त्यात उल्लेख नाही. ते काम राज्याचं आहे, म्हणून मागणी मुंबईला न्यावी लागेल. आमदार मत मागायला येतील तेव्हा हा कागद त्यांच्या हातात द्या.

मैत्रिणींनो, त्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवला आहे. तिला तेव्हा मी 'कुणी नाही' असंच सांगितलं, कारण खरं तेच होतं. २०२७ नंतर तसाच प्रश्न घेऊन दुसरी कुणी आली, तर तिला एक नाव आणि एक फोन नंबर देता आला पाहिजे. एवढं आपल्या हातात आहे.

वही आजच सुरू करू. जेवणाच्या सुट्टीत मी दाराजवळ बसते आहे. पदवीचं साल आठवत नसेल तरी या, लग्नाचं साल सांगा, आपण मागे मोजू.